दोन सूत वर

मंगळवारी सकाळी नऊला मी लिफ्टमधून तळमजल्यावर उतरत होतो. उजवा पाय बाहेर टाकला, डावा अजून आत होता, आणि त्या डाव्या पायाखालची जमीन किंचित वर आली. किती, तर दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या धंद्यातली जुनी माणसं अजून याच मापात बोलतात. पाव इंच म्हणा ना. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी दारातच खांबासारखा उभा राहिलो.

"काका, उतरताय की परत वर जाताय?" मागच्या माणसाने विचारलं.

उतरलो. दूध आणायला निघालो होतो, ते विसरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो.

लोकांना वाटतं लिफ्ट पडते. सिनेमात बघतात ना! अहो, लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं आणि ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. आत एक-दोनच माणसं असताना ब्रेक सुटला, तर लिफ्ट खाली नाही, वर पळते. दार उघडं असताना पळाली आणि एखाद्याचा एक पाय आत, एक बाहेर असला, तर काय होतं ते मी नोकरीत एकदा बघितलंय. ते मी कुणाला सांगत नाही. हिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. आता निवृत्त आहे आणि याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. ही गेल्याला चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि भिंतीपलीकडून दिवसभर लिफ्टचा आवाज. ही लिफ्ट बावीस वर्षांची आहे. तिचा खोकला मला माझ्या खोकल्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. तेव्हा पायाला काय लागलं हे मला कळत नाही असं कुणी म्हणू नये.

आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? फोन उचलेल, मेकॅनिकला बोलावेल, संपला विषय. मी मात्र फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कारण मेकॅनिकला बोलावण्याच्या बाबतीत माझे हात बरबटलेले होते.

सांगून टाकतो. गेल्या वर्षभरात ही लिफ्ट तीन वेळा बंद पडली. तिन्ही वेळा मी पाडली. दाराच्या कडेला एक पितळी पट्टी असते. दार लागलं की ती चौकटीतल्या खाचेत बसते आणि मगच लिफ्ट चालते. त्या पट्टीवर कागदाची घडी चिकटवली की लिफ्ट ढिम्म हलत नाही. दार उघडं आहे असं तिला वाटतं. कुणाला धोका नाही, काही मोडत नाही. मी कागद लावायचो, मेकॅनिकला फोन करायचो, आणि तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला की हळूच कागद काढून घ्यायचो. लिफ्ट आपोआप चालू. तो बिचारा डोकं खाजवत खाली यायचा, दाराच्या पट्टीचे पॉइंट पुसायचा, आणि मग माझ्याकडे चहाला बसायचा.

चहा हवा होता मला. म्हणजे चहाला माणूस हवा होता. चाळिशीचा, कानाजवळ पिकलेला, हातावर काळं तेल असलेला माणूस. तो माझ्या स्वयंपाकघरात बसून गिअरबद्दल बोलायचा आणि मी पण बोलायचो. दोन-दोन तास. तो गेल्यावर त्याचा कप मी दुसऱ्या दिवसापर्यंत धुवायचो नाही. हे लिहितानासुद्धा लाज वाटते आहे, पण आहे ते आहे.

तिसऱ्या वेळी तर सोन्याहून पिवळं झालं. आठव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांना सगळे बाई म्हणतात, आणि त्या मला मजल्यावरून 'सातवे' म्हणतात, जणू माझं आडनावच आहे. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. लिफ्ट बंद, म्हणून बाई जिना चढत आल्या, आणि सातव्यावर येईपर्यंत दम लागून पांढऱ्याफटक पडल्या. मी खुर्ची टाकली, पाणी दिलं. पाऊण तास त्या माझ्या दारात बसल्या आणि त्यांच्या शाळेतल्या गमती सांगितल्या. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की या बाईचे गुडघे मी दुखवले होते, आणि वर मजा केली होती. त्या दिवशी कानाला खडा लावला. पुन्हा कागद नाही.

तर मंगळवारी पायरीवर बसून मी स्वतःला विचारलं, अरे, तुला खरंच काही लागलं पायाला, की परत चहाला माणूस हवाय? आणि देवाशपथ सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. एकतीस वर्षं मी या आतल्या आवाजावर जगलो. मशीनच्या अंगावर हात ठेवायचो आणि कळायचं. पण तीन वेळा खोटं बोलल्यावर तो आवाज खरा बोलतोय की माझी गरज बोलतेय, हे कसं ओळखायचं? खोटारड्याचा हा त्रास असतो. दुसऱ्यांचं सोडा, त्याला स्वतःवरच भरवसा ठेवता येत नाही.

इमारतीच्या मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, मशीन रूमची चावी द्या, नुसता ब्रेक बघतो. "काका, मागच्याच आठवड्यात तपासणी झाली," तो भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला. "सगळं ओके आहे. तुम्ही आता आराम करा बघू." आराम करा म्हणे! चार वर्षं तेच तर करतोय.

मग ठरवलं, आतल्या आवाजावर विश्वास नाही ना, तर त्याची परीक्षा घ्यायची. हत्यारांच्या पेटीतून स्टीलची पट्टी काढली. मंगळवारी दुपारी तीनला तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, वाकून लिफ्टचा उंबरा आणि मजल्याचा उंबरा मोजला. एका पातळीत. शून्य. पाचला पुन्हा मोजलं, शून्य. बघ, म्हटलं, तुझ्याच डोक्यातलं खूळ. जरा हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. बुधवारी सकाळी नऊला परत वाकलो. दोन सूत वर. साडेनऊला, दोनपेक्षा थोडं जास्त. दुपारी पुन्हा शून्य.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सकाळी आठ ते साडेनऊ सगळी इमारत कामाला निघते, लिफ्टला श्वास घ्यायला फुरसत नसते. ब्रेक तापतो. तापला की कुठून तरी तेल पातळ होऊन त्यावर येत असणार, आणि तो सुटत असणार. दुपारी थंड झाला की पुन्हा साळसूद. मेकॅनिक तपासायला नेहमी दुपारी येतो. त्याची काही चूक नाही, आणि माझ्या पायाचीही नाही.

म्हणजे बुधवारी दुपारी मला सगळं कळलं होतं. तरी मी फोन केला नाही. का? कारण फोन केला की तो विचारणार, मागच्या वेळेसारखंच का? आणि मला ते बोलायला लागणार. बाई दर गुरुवारी आणि रविवारी गुडघ्यांच्या व्यायामाला जातात. म्हणजे गुरुवार सकाळपर्यंत वेळ आहे, असं मी धरून चाललो. बाकीच्यांचं काय? बाकीचे टुणकन उडी मारून उतरतात, अशी मी मनाची समजूत घातली. बुधवारची संध्याकाळ मी गॅलरीत काढली. मन खात होतं. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की कान टवकारायचो, मग कुणाचं तरी दार लागायचं आणि मी पुन्हा मागे टेकायचो. एवढं होऊनही उठलो नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

गुरुवारी नऊला मी लिफ्ट वर बोलावली आणि आठव्यावर गेलो. बाई काठी टेकत आत आल्या. "अहो सातवे, तुम्ही वर कशाला आलात?" मी म्हटलं, चुकून बटण दाबलं गेलं. एकतीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेला माणूस चुकून बटण दाबतो! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

तळमजला आला. मी दार धरलं. बाईंची आधी काठी बाहेर, मग उजवा पाय, मग थोडं थांबणं, मग डावा. त्या थांबल्या तेवढ्यात लिफ्ट उचलली गेली. चार सूत, अर्धा इंच, आणि थांबेना, सरकतच राहिली. काठी निसटली, बाई पुढे झुकल्या. मी मागून त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना सरळ बाहेर ढकललं आणि त्यांच्या मागोमाग उडी मारली. बाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"ढकलता काय! माणूस आहात का कोण!" त्या भडकल्या. मी वळून बघितलं तर लिफ्ट दोन बोटं वर येऊन थांबली होती. त्यांना ते दिसलंच नाही. काठी उचलून तणतणत निघून गेल्या.

खिशात दुधाच्या दुकानाची पावती होती. तिची घडी केली आणि दाराच्या पितळी पट्टीवर चिकटवली. दार लावलं. लिफ्ट मेली. चौथ्यांदा, तोच कागद, तोच हात. मग तिथेच उभं राहून फोन लावला.

"बोला काका. परत दाराचं का?" मेकॅनिक म्हणाला.

"नाही. ब्रेक. सकाळी तापला की सुटतोय. आत्ता एक बाई जाता जाता वाचल्या."

"मागच्या आठवड्यात मीच तपासला. मस्त होता."

"दुपारी तपासलास. दुपारी थंड असतो."

तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, राग मानू नका. वर्षात तीनदा आलो, तीनदा काही निघालं नाही. एकाच लिफ्टला तीन खेपा म्हणून ऑफिसने मला मेमो दिलाय. सुपरवायझरसाठी माझं नाव गेलं होतं, तेही मागे घेतलं. तुमचा कान फार चांगला होता, पण वय कुणाला चुकलंय? परवा दुपारी चक्कर मारतो."

"मेमोचं मला कधी बोलला नाहीस?"

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही इतक्या प्रेमाने चहा पाजत होतात."

त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. याला एवढं सगळं झालं आणि त्याने माझ्या कानावर दोष ढकलला, माझ्यावर नाही. मी खोटं बोलत असेन हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. आणि आता मी नुसतं हो म्हणालो असतो, तर म्हातारा म्हणून माझी इज्जत शाबूत राहिली असती, आणि परवा दुपारी तो आला असता, थंड ब्रेक तपासून ओके लिहून चहाला बसला असता.

"माझा कान ठीक आहे," मी म्हटलं. "त्या तिन्ही वेळी लिफ्टला काहीच झालं नव्हतं. मी दारात कागद घातला होता. तू वर गेलास की काढायचो. तू यावंस म्हणून. आत्ताही घातलाय, पण आत्ता लिफ्ट चालू राहिली तर माणूस मरेल म्हणून. दोन दिवस मोजतोय मी. आत्ता ये, आणि ती तापवून बघ."

मला वाटलं फोन कट झाला.

"येतो," तो म्हणाला.

पाऊण तासात आला. माझ्याकडे बघितलं नाही. कागद स्वतः काढला, खिशात ठेवला. प्रत्येक मजल्यावर दारांना पाट्या लावल्या आणि मशीन रूममध्ये गेला. तिथून रिकामी लिफ्ट वर-खाली, वर-खाली पळवत राहिला. मी तळमजल्यावर पट्टी घेऊन, फोन कानाला. प्रत्येक वेळी दार उघडायचं, मोजायचं, सांगायचं. शून्य. शून्य. शून्य. वीस मिनिटं शून्य. मॅनेजर शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. खरंच चुकलो असेन तर? मग तर बाईंना नुसतंच ढकललं मी, आणि याला उगाच सगळं सांगून बसलो.

"एक सूत," मी म्हटलं. पुढच्या फेरीला, "दोन." मग आणखी चार फेऱ्यांनी मी दार उघडलं आणि लिफ्ट माझ्या डोळ्यांदेखत वर निघाली. वीतभर, हातभर, काही थांबायचं नाव नाही. खाली काळा खड्डा दिसायला लागला. मी ओरडलो. वर त्याने हाताने ब्रेक आवळला, तेव्हा ती माझ्या छातीशी येऊन थांबली. मॅनेजरने माझा दंड धरून मला दारापासून मागे ओढलं.

मेकॅनिक खाली आला. हाताला ताजं तेल होतं. "गिअरचं सील गेलंय. तापलं की ब्रेकच्या ड्रमवर तेल येतंय. पाच दिवस लिफ्ट बंद," त्याने मॅनेजरला सांगितलं. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता म्हणेल, काका, कान शाबूत आहे तुमचा.

"यापुढे काही असलं तर ऑफिसला फोन करा," तो म्हणाला. "माझ्या नंबरवर करू नका."

"मी तुझ्या ऑफिसात येऊन सांगतो. लेखी देतो, की चूक तुझी नव्हती."

"द्या," तो म्हणाला आणि हत्यारं आणायला जिना चढून गेला. चहाचं मी विचारलं नाही.

अकराला बाई परत आल्या. आठ मजले, आणि ते माझ्यामुळे, पुन्हा. मी खुर्ची घेऊन त्यांच्यामागून चढलो. प्रत्येक मजल्यावर ठेवायची, त्या बसायच्या. एकदाही त्यांनी माझा हात धरला नाही. सातव्यावर आल्या, त्याच जागी त्याच खुर्चीवर टेकल्या. मी पाणी दिलं. मग तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आज का ढकललं ते, आणि मागच्या वेळी लिफ्ट कशी बंद पडली होती तेही. दुसरं सांगितलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं. पण पहिलं सांगून आभार घ्यायचे आणि दुसरं गिळायचं, हे मला जमेना.

बाईंनी पेला मांडीवर टेकवला.

"तुम्हाला बोलायला माणूस हवं होतं?"

"हो."

"मग बेल वाजवायची होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "एक मजला, सातवे. एकच मजला. मी काय कामात असते दिवसभर? मला जिना चढायला लावायची काय गरज होती हो!" पेला माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेल्या. वर दार लागल्याचं मला ऐकू आलं.

पाच दिवस भिंतीपलीकडे शांतता होती. मी ऑफिसात जाऊन लेखी देऊन आलो. टेबलामागच्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, असं पहिल्यांदाच बघतोय. पाचव्या दिवशी मेकॅनिकची पावलं माझ्या दारावरून वर गेली, दुपारी खाली गेली. थांबली नाहीत. मी दोन कप काढून ठेवले होते, ते परत फडताळात ठेवले.

सहाव्या दिवशी सकाळी नऊला मी पट्टी घेऊन खाली गेलो. शून्य. साडेनऊला, शून्य. गुळगुळीत चालली होती, नव्या नवरीसारखी. तक्रारीला जागा नव्हती.

वर आलो. पट्टी पेटीत ठेवली. शर्ट बदलला, आणि जिन्याने वर निघालो. अठरा पायऱ्या आहेत. चार वर्षांत मी त्या एकदाही चढलो नव्हतो. आठव्यावर बेलसमोर उभा राहिलो तेव्हा छाती धडधडत होती. वय झालंय खरं.

बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, हळूहळू, दारापर्यंत. दार चार बोटं उघडलं. आत साखळी लावलेली होती.

"काय बिघडलंय?" बाईंनी फटीतून विचारलं.

"काही नाही."

"लिफ्ट?"

"मस्त चाललीय. मोजून आलो."

"मग?"

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "म्हणूनच आलो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी कसा दिसत होतो कोण जाणे. हातात काही नव्हतं, ना पट्टी, ना कागद, आणि हात कुठे ठेवावेत तेच समजत नव्हतं.

मग दार बंद झालं. साखळी काढायची तर दार आधी बंदच करावं लागतं, हे मला ठाऊक आहे. मी उभा राहिलो.